कन्सोलच्या पोटातून आलेली डिस्क

चित्रपट, संगीत किंवा खेळ साठवण्याचा नवा फॉरमॅट, म्हणजे माहिती कोणत्या वस्तूवर, कोणत्या पद्धतीने नोंदवायची आणि कोणत्या यंत्राने वाचायची याविषयी उत्पादकांनी ठरवलेला संकेत, बाजारात येतो तेव्हा त्याच्यापुढील सर्वांत मोठी अडचण तांत्रिक नसते. त्यावर पाहण्याजोगे चित्रपट नाहीत म्हणून ग्राहक यंत्र घेत नाही, आणि यंत्रे घराघरांत नाहीत म्हणून चित्रपटसंस्था त्या फॉरमॅटमध्ये चित्रपट काढत नाहीत. एखाद्या वस्तूची उपयुक्तता ती वापरणाऱ्या इतर लोकांच्या संख्येवर कशी अवलंबून असते, याचे विवेचन मायकेल कॅट्झ आणि कार्ल शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये केले होते. त्याच सुमारास सोनी कंपनी हा धडा स्वतःच्या नुकसानीतून शिकत होती. तिची बेटामॅक्स ही व्हिडिओ कॅसेट १९७५ मध्ये, म्हणजे जेव्हीसीच्या व्हीएचएसच्या आदल्या वर्षी बाजारात आली होती. परंतु एका कॅसेटवर अधिक वेळाचे चित्रण मावत असल्यामुळे आणि अनेक उत्पादकांनी तिचा स्वीकार केल्यामुळे व्हीएचएसची यंत्रे वाढत गेली, व्हिडिओ लायब्रऱ्यांतील फळ्या तिच्याच कॅसेटींनी भरल्या आणि बेटामॅक्स मागे पडली.

ही कोंडी फोडण्याचे काम पुढील काळात ज्या वस्तूने वारंवार केले, ती वस्तू चित्रपट पाहण्यासाठी बनवलेली नव्हती. दूरचित्रवाणी संचाला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याचे स्वतंत्र यंत्र, म्हणजेच गेम कन्सोल, हे विकत घेणाऱ्याला त्यात कोणती डिस्क बसते याच्याशी फारसे देणेघेणे नसते. त्याला विशिष्ट खेळ हवे असतात आणि ते ज्या यंत्रावर चालतात ते यंत्र तो घेतो. कन्सोलचा व्यवहारही इतर विद्युत उपकरणांपेक्षा वेगळा आहे. निर्माती कंपनी यंत्र अनेकदा उत्पादनखर्चाच्या आसपास, प्रसंगी तोट्यातही विकते आणि त्यासाठी तयार होणाऱ्या प्रत्येक खेळामागे खेळ बनवणाऱ्या कंपनीकडून परवानाशुल्क घेऊन ती तूट भरून काढते. त्यामुळे महागडा नवा भाग कन्सोलमध्ये घालून तो लाखो घरांत पोहोचवणे अशा कंपनीला परवडू शकते, जे केवळ प्लेअर विकणाऱ्या कंपनीला शक्य नसते. मात्र यासाठी एक अट पाळावी लागते, आणि कन्सोलच्या स्पर्धेचा इतिहास पाहिला तर ती अट किमतीपेक्षा किंवा गुणवत्तेपेक्षाही निर्णायक ठरलेली दिसते : नवे माध्यम यंत्राचा अविभाज्य भाग असले पाहिजे. जेथे ते वेगळे विकत घ्यावे लागले, तेथे ते बहुतेक वेळा फसले.

याचा पहिला मोठा पुरावा सेगा या जपानी कंपनीच्या मेगा-सीडी या जोडयंत्रात सापडतो. १९९१ च्या अखेरीस जपानमध्ये आलेले हे उपकरण सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलला जोडले की सीडीवरचे खेळ खेळता येत. मूळ कन्सोल सुमारे तीन कोटी घरांत पोहोचला, पण जोडयंत्र घेणारे सुमारे २२ लाखच निघाले. खेळ बनवणाऱ्या कंपनीने अशा वेळी कोणाचा विचार करायचा? सीडीसाठी खेळ काढला तर तीन कोटींतील बहुसंख्य ग्राहक सुटतात, म्हणून चांगले खेळ साध्या यंत्रासाठीच निघतात आणि चांगले खेळ नाहीत म्हणून जोडयंत्र खपत नाही. म्हणजे जी कोंडी फोडण्यासाठी कन्सोल वापरायचा, तीच कोंडी कन्सोलच्या अंगणात पुन्हा उभी राहते.

सीडी आणि कन्सोल यांची खरी सांगड सोनीने घातली आणि तीही एका फिसकटलेल्या करारातून. सोनी आणि निन्टेंडो यांच्यात १९८८ मध्ये सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या कन्सोलसाठी सीडी वाचणारे उपकरण बनवण्याचा करार झाला होता; सोनीच्या बाजूने केन कुतारागी हे अभियंते त्यावर काम करत होते. या करारामुळे सीडीवरील खेळांवर सोनीचा ताबा राहणार, हे लक्षात आल्यावर निन्टेंडोने जून १९९१ मध्ये शिकागोच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात सोनीऐवजी फिलिप्सबरोबर जाण्याचे जाहीर केले. सोनीने मग स्वतःचाच कन्सोल बनवायचे ठरवले आणि ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन बाजारात आले. निन्टेंडोने मात्र १९९६ च्या निन्टेंडो ६४ या कन्सोलसाठी कार्ट्रिज, म्हणजे आत स्मृतिचिप असलेली प्लास्टिकची खेळपेटी, कायम ठेवली. या निर्णयाला कारणे होती : कार्ट्रिजवरील माहिती जवळजवळ तत्काळ वाचली जाते, तर सीडी फिरून माहिती मिळेपर्यंत खेळाडूला थांबावे लागते; शिवाय कार्ट्रिजची नक्कल करणे अवघड असते. परंतु निन्टेंडो ६४ ची सर्वांत मोठी कार्ट्रिजही ६४ मेगाबाइटांची होती आणि सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट मावत. कार्ट्रिज बनवणे महाग होते व त्यांची मागणी बरीच आधी नोंदवावी लागे, तर सीडी अगदी स्वस्तात आणि थोड्या दिवसांत छापून मिळे. त्यामुळे खेळ अपेक्षेपेक्षा कमी खपला तर कार्ट्रिजचा साठा अंगावर पडण्याची जी भीती लहान कंपन्यांना असे, ती सीडीने जवळजवळ नाहीशी केली. स्क्वेअर या कंपनीने आपली ‘फायनल फँटसी’ ही गाजलेली खेळमालिका निन्टेंडोकडून प्लेस्टेशनवर नेली आणि १९९७ मधील तिचा सातवा भाग तीन सीडींवर प्रसिद्ध केला. प्लेस्टेशन दहा कोटींहून अधिक विकले गेले, निन्टेंडो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाख. निन्टेंडोने पुढे ६४डीडी हे चुंबकीय डिस्कचे जोडयंत्र डिसेंबर १९९९ मध्ये केवळ जपानमध्ये आणले, पण ते थोड्याच काळात गुंडाळावे लागले.

येथवर डिस्क खेळांसाठीच होती. प्लेस्टेशन २ ने, म्हणजे मार्च २००० मध्ये जपानमध्ये आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आलेल्या कन्सोलने, चित्र बदलले. त्यात डीव्हीडी वाचणारा ड्राइव्ह होता आणि त्यावर चित्रपटही पाहता येत. डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या अखेरीसच आली होती, पण स्वतंत्र प्लेअरच्या किमती चढ्या होत्या. प्लेस्टेशन २ ची ३९,८०० येन ही किंमत अनेक चांगल्या प्लेअरांच्या बरोबरीची किंवा त्यांहून कमी होती आणि त्यात खेळण्याचे यंत्र जणू वरकड मिळत होते. पहिल्या काही दिवसांतच सुमारे दहा लाख जपानी ग्राहकांनी ते घेतले, आणि त्याबरोबर चित्रपटांच्या डीव्हीडींची विक्रीही वाढली. प्रतिस्पर्ध्यांची निवड याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये सुमारे एक गिगाबाइट मावणारी स्वतःची खास डिस्क होती, निन्टेंडोच्या गेमक्यूबमध्ये आठ सेंटिमीटर व्यासाची लहान डिस्क होती आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर डीव्हीडी चित्रपट पाहायचा तर रिमोटचा संच वेगळा घ्यावा लागे. जानेवारी २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. प्लेस्टेशन २ साडेपंधरा कोटींहून अधिक विकले गेले आणि आजही तो सर्वाधिक खपलेला कन्सोल आहे.

भारतात हे वळण वेगळ्या रीतीने आले, कारण येथे त्या वर्षांत घरगुती चित्रपटाचे माध्यम मुख्यतः व्हीसीडी होते. सीडीवर कमी दर्जाचे चित्र साठवणाऱ्या या फॉरमॅटमध्ये एका डिस्कवर सुमारे ७४ मिनिटे मावत आणि म्हणून हिंदी किंवा मराठी चित्रपट दोन किंवा तीन डिस्कच्या संचात मिळे. डीव्हीडीकडे भारतीय ग्राहक वळला तो स्वस्त प्लेअर आणि स्वस्त डिस्क आल्यामुळे, कन्सोलमुळे नव्हे. प्लेस्टेशन २ मात्र येथे उशिरापर्यंत टिकले : हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ २००९ मध्ये आणि मुंबईच्या ट्राइन गेम्सचा गल्ली-क्रिकेटवरील ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० मध्ये याच यंत्रासाठी आला, तेव्हा जगाच्या इतर भागांत पुढची पिढी अर्ध्या वाटेवर होती.

पुढच्या पिढीतील डिस्कची लढाई समजण्यासाठी लेसरविषयी थोडे जाणून घ्यावे लागते. सीडी, डीव्हीडी आणि त्यांनंतरच्या डिस्क या सर्वांत माहिती अतिसूक्ष्म खळग्यांच्या रूपाने चक्राकार रेषेत कोरलेली असते आणि भिंगातून एकवटलेला लेसरचा किरण तिच्यावरून फिरून परावर्तित प्रकाशातील फरक टिपतो. पेनाचे टोक जितके बारीक तितके अक्षर लहान काढता येते. तसेच लेसरचा ठिपका जितका लहान, तितके खळगे लहान आणि त्यांच्या रेषा जवळ ठेवता येतात. ठिपक्याचा आकार दोन गोष्टींवर ठरतो : प्रकाशाच्या लाटेची लांबी आणि भिंगाची प्रकाश एकवटण्याची क्षमता. सीडीचा अवरक्त लेसर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा लाल लेसर ६५० नॅनोमीटरचा. त्यापुढे जायचे तर निळ्याकडे सरकणे भाग होते आणि निळा प्रकाश देणारा अर्धवाहक बनवणे अनेक दशके जमले नव्हते. गॅलियम नायट्राइड या पदार्थावर जपानमध्ये झालेल्या संशोधनातून १९९० च्या दशकात आधी निळा एलईडी आणि मग निळसर जांभळा लेसर शक्य झाला. एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. डीव्हीडीची जागा घेऊ पाहणारे ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी हे दोन्ही प्रतिस्पर्धी फॉरमॅट ४०५ नॅनोमीटरचा हाच लेसर वापरत होते.

फरक होता तो भिंगात आणि प्लास्टिकच्या थरात. एचडी डीव्हीडीने माहितीचा थर डीव्हीडीप्रमाणेच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत ठेवला, त्यामुळे डीव्हीडी छापणाऱ्या कारखान्यांत थोड्या खर्चात बदल करून तिचे उत्पादन घेता येणार होते; तिच्या एका थरावर १५ गिगाबाइट मावत. ब्लू-रेने अधिक ताकदीचे भिंग वापरून एका थरावर २५ गिगाबाइट बसवले, पण अशा भिंगाला माहिती पृष्ठभागाच्या अगदी जवळ, केवळ ०.१ मिलिमीटर खोल लागते आणि इतक्या पातळ आवरणावर साधा ओरखडाही घातक ठरतो. सुरुवातीला म्हणूनच ब्लू-रे प्लास्टिकच्या डबीत बंद असे. टीडीके कंपनीने कठीण लेप विकसित केल्यावर ती डबी गेली. म्हणजे एका बाजूला स्वस्त आणि जुन्या कारखान्यांना सोयीची डिस्क होती, तर दुसऱ्या बाजूला महाग पण अधिक जागा देणारी. तोशिबा आणि एनईसी पहिलीच्या मागे होत्या. सोनी, फिलिप्स, मात्सुशिता, पायोनियर, सॅमसंग यांसारख्या कंपन्या दुसरीच्या मागे. दोन्ही फॉरमॅट एक करण्यासाठी २००५ मध्ये झालेली बोलणी फिसकटली, आणि ग्राहकांच्या दृष्टीने ते मोठे दुर्दैव ठरले.

सोनीने आपले सर्वांत मोठे साधन पणाला लावले. प्लेस्टेशन ३ च्या प्रत्येक यंत्रात ब्लू-रे ड्राइव्ह असेल, असे तिने ठरवले आणि त्याची किंमत लगेच मोजावी लागली. निळ्या लेसरच्या डायोडचा तुटवडा पडला, नक्कल रोखणाऱ्या प्रणालीचे नियम वेळेवर पक्के झाले नाहीत, आणि २००६ च्या वसंत ऋतूत यायचा असलेला कन्सोल नोव्हेंबरमध्ये जपान व अमेरिकेत आणि युरोपात तर मार्च २००७ मध्ये पोहोचला. अमेरिकेतील त्याची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती. आयसप्लाय या संशोधनसंस्थेने यंत्र उघडून केलेल्या हिशेबानुसार ४९९ डॉलरच्या यंत्राचा खर्च सुमारे ८०६ डॉलर होता, म्हणजे प्रत्येक विक्रीमागे तीनशे डॉलरांची तूट. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३,२३० कोटी येनांचा आणि पुढील वर्षी १२,४५० कोटी येनांचा तोटा झाला. केन कुतारागी २००७ मध्ये विभागप्रमुखपदावरून दूर झाले. प्लेस्टेशन ३ बरोबरच नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत २४९ डॉलरला आलेला निन्टेंडोचा वी कन्सोल, ज्यावर ना ब्लू-रे चाले ना डीव्हीडी चित्रपट, पुढे दहा कोटींहून अधिक घरांत गेला.

खेळांसाठी एवढ्या मोठ्या डिस्कची गरज होती का, याचे उत्तर संमिश्र आहे. २००८ मधील ‘मेटल गिअर सॉलिड ४’ हा खेळ दोन थरांच्या ब्लू-रेचा पुरेपूर उपयोग करून घेतो, आणि दुसरीकडे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वरील ‘लॉस्ट ओडिसी’ला चार डीव्हीडी लागल्या. परंतु प्लेस्टेशन ३ चा ब्लू-रे ड्राइव्ह सेकंदाला सुमारे नऊ मेगाबाइट वाचत असे, प्रतिस्पर्ध्याच्या वेगवान डीव्हीडी ड्राइव्हपेक्षा कमी. म्हणून खेळांचा काही भाग आधी हार्ड डिस्कवर उतरवावा लागे आणि खेळाडूला पहिल्याच दिवशी वाट पाहावी लागे. साठवणीची जागा वाढली तरी ती वाचण्याचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही, याचा त्रास खेळाडूंनी वर्षानुवर्षे सोसला.

मायक्रोसॉफ्टने नेमका उलटा मार्ग घेतला. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये, म्हणजे वर्षभर आधी आला होता आणि त्या वेळी निळ्या लेसरचा ड्राइव्ह रास्त दरात मिळणे शक्यच नव्हते. एचडी डीव्हीडीला पाठिंबा देणाऱ्या या कंपनीने मग नोव्हेंबर २००६ मध्ये १९९ डॉलरचे वेगळे जोडयंत्र आणले. ते केवळ चित्रपटांसाठी होते. खेळ शेवटपर्यंत डीव्हीडीवरच निघाले. सेगाच्या मेगा-सीडीचे जे झाले त्याहून निराळे याचे काय होणार होते? एचडी डीव्हीडीचे हे जोडयंत्र सुमारे तीन लाख लोकांनी घेतले. २००८ च्या सुरुवातीला प्लेस्टेशन ३ ची संख्या एक कोटीवर गेली होती आणि ती सर्वच्या सर्व ब्लू-रे वाचणारी यंत्रे होती.

तोशिबाची बाजू असे म्हणत राहिली की कन्सोल घेणारा तरुण चित्रपट विकत घेत नाही आणि म्हणून ही कोट्यवधी यंत्रे मोजायचीच नाहीत. या म्हणण्यात तथ्य होते. स्वतंत्र प्लेअरच्या विक्रीत अमेरिकेत एचडी डीव्हीडी पुढे होती, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये वॉलमार्ट या दुकानसाखळीने तोशिबाचा प्लेअर अल्पकाळ शंभर डॉलरांच्या आतही विकला. परंतु प्रत्येक कन्सोलमागे फारच थोडे चित्रपट खपले तरी कन्सोलच इतके होते की एकूण डिस्कविक्रीत २००७ मध्ये ब्लू-रे जवळजवळ दुपटीने पुढे गेली, आणि चित्रपटसंस्था डिस्क मोजत होत्या, प्लेअर नव्हे. त्यातच प्लेस्टेशन ३ चा एक गुण फारसा कोणी आधी हिशेबात धरला नव्हता : ते इंटरनेटला जोडलेले होते. ब्लू-रेचे नियम दरवर्षी बदलत होते आणि हजार डॉलरला घेतलेले सुरुवातीचे प्लेअर नव्या सोयींना मुकत होते, तर कन्सोल घरबसल्या अद्ययावत होत होता.

पॅरामाउंट या चित्रपटसंस्थेने ऑगस्ट २००७ मध्ये केवळ एचडी डीव्हीडीची साथ धरली. त्यासाठी १५ कोटी डॉलर दिले गेल्याच्या बातम्या आल्या. पण घरगुती चित्रपटांच्या अमेरिकी बाजारात सर्वांत मोठी असलेली वॉर्नर दोन्हींकडे डिस्क काढत होती. तिने ४ जानेवारी २००८ रोजी, लास व्हेगासचे वार्षिक प्रदर्शन सुरू होण्याच्या तोंडावर, यापुढे केवळ ब्लू-रे काढण्याचे जाहीर केले, आणि एचडी डीव्हीडीच्या गटाने तेथील आपली पत्रकार परिषदच रद्द केली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट या डिस्क भाड्याने देणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांनी एकामागोमाग पाठिंबा काढला. १९ फेब्रुवारीला तोशिबाचे अध्यक्ष आत्सुतोशी निशिदा यांनी टोकियोत माघार जाहीर केली. सुमारे दहा लाख ग्राहकांची यंत्रे त्या दिवशी पोरकी झाली.

सोनीने बेटामॅक्सचे उट्टे काढले, असे तेव्हा लिहिले गेले. ते खरे असले तरी अपुरे आहे. विजयाचा खर्च गेम विभागाने सोसला, चढी किंमत देऊन खेळाडूंनी सोसला, आणि त्यात एक गोष्ट विसरली गेली की कन्सोलमध्ये घातले म्हणून कोणतेही माध्यम रुजत नाही. सोनीच्याच पीएसपी या हातातल्या कन्सोलमध्ये २००४ पासून यूएमडी नावाची छोटी डिस्क होती. तिच्यावर चित्रपटही निघाले, पण त्या डिस्कचा चित्रपट दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर पाहता येत नसल्यामुळे ग्राहकांनी त्याच चित्रपटासाठी पुन्हा पैसे मोजले नाहीत. अविभाज्य असणे आवश्यक आहे, पण डिस्क इतर कंपन्यांच्या यंत्रांतही चालली पाहिजे; ब्लू-रेच्या मागे उभ्या असलेल्या कंपन्यांच्या समूहाचे महत्त्व येथे दिसते.

शिवाय ज्या महिन्यांत ही लढाई चालली त्याच महिन्यांत चित्रपट डिस्कविना घरी येऊ लागला होता. नेटफ्लिक्सने २००७ च्या आरंभी इंटरनेटवरून चित्रपट दाखवणे सुरू केले आणि २००८ च्या अखेरीस ही सेवा हरलेल्या बाजूच्या एक्सबॉक्स ३६० वर पोहोचली. खेळांचेही तसेच झाले. प्लेस्टेशन ५ ची २०२० मध्ये डिस्क ड्राइव्ह नसलेली आवृत्ती निघाली, २०२३ मधील बारीक आवृत्तीत ड्राइव्ह काढता-घालता येतो, आणि २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तो नसतो. हवा असल्यास वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. डिस्क पुन्हा जोडयंत्रावर आली आहे आणि मेगा-सीडीच्या काळातला प्रश्न खेळ बनवणाऱ्या कंपन्यांपुढे परत उभा राहिला आहे, कारण ड्राइव्ह सर्वांकडे नसेल तर डिस्क छापायची कोणासाठी. निन्टेंडोच्या २०२५ मधील स्विच २ साठी निघालेल्या काही कार्ट्रिजांत खेळ नसतोच, तो डाउनलोड करण्याची किल्ली तेवढी असते. ती किल्ली दुसऱ्याला देता किंवा विकता येते, पण खेळ पुरवणारा सर्व्हर ज्या दिवशी बंद होईल त्यानंतर ती घेणाऱ्याच्या हाती खेळ लागणार नाही.